आत गेलेल्यांची यादी

३ जुलै

ती. स्व. दादास,
धाकटीचा कृ. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, आधीच कान पकडते. शाळा उघडण्याआधीचा महिना म्हणजे माझ्या मशीनला दम खायला फुरसत नसते. एकशे चाळीस गणवेश शिवले. आता हात मोकळे झालेत, पण मान अशी आखडली आहे की कुणी हाक मारली तर अख्खं वळावं लागतं. वहिनीला सांग, तिचा कोट अजून उसवलेलाच पडलाय. घरच्या माणसाचं काम नेहमी शेवटी, हा शिंप्यांचा नियमच आहे.

घरी सगळं ठीक, म्हणजे आबा सोडून. माझे सासरे कुणाला त्रास देणाऱ्यातले नाहीत हे तुला माहीत आहे. पण महिन्याभरापासून एक नवीनच सुरू झालंय. सकाळी सातला दाढी करून, कोट घालून, माझ्या मशीनशेजारच्या खुर्चीत बसतात आणि हजेरी घ्यायला लागतात. भुयाराच्या तोंडाशी बसून घ्यायचे तशी. आधी बिल्ल्याचा नंबर, मग नाव, मग थोडं थांबायचं. कुणी ओ देत नाही. मग पुढचं नाव. एकशे बारा नावं. चाळीस वर्षांपूर्वीची ती अख्खी पाळी त्यांना तोंडपाठ आहे, आणि दुपारी जेवलो का, हे मात्र मला विचारतात.

पहिल्या दिवशी मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी मी मशीन थांबवलं, कारण नाव घेतल्यावर ते जेवढं थांबतात तेवढ्या वेळात मशीनची घरघर बरी वाटेना. काल तर एका नावाला माझ्याच तोंडून ओ जाणार होती. जीभ चावली. मला भीती वाटते रे, आणि कसली ते सांगता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, वय झालं. आमच्या ह्यांचं म्हणणं, जन्मभर हजेरी कारकून होते, आता म्हातारपणी दुसरं काय करतील. एवढं बोलून पेपरात तोंड खुपसून बसले. त्यांनाही बरं वाटत नाही, हे मला पेपर उलटा धरलेला पाहून कळलं.

तुझं पुस्तक आबांच्या उशाशी असतं. मास्तर कधी येणार म्हणून सारखं विचारतात. विद्यापीठातला एवढा मोठा प्राध्यापक झालास, पण आबांसाठी तू मास्तरच, बस बोंबलत.

वहिनीला नमस्कार. माया आहे ती आटू देऊ नकोस, आणि पत्र माझ्यासारखं लांबवू नकोस.

तुझी,
धाकटी


१२ जुलै

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीनं मोठ्यानं वाचलं. आबांच्या हजेरीपाशी ती थांबली, पुढचं मी माझं मी वाचलं.

इकडची बातमी फोनवर सांगण्यासारखी नाही. आमच्या फोनला हल्ली तिसरा कान फुटलाय असं सगळे म्हणतात. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण सगळे तसं म्हणायला लागले की माणूस आपोआप हवापाण्याच्या गप्पा मारतो. पत्रं उघडण्याइतकी माणसं त्यांच्याकडे अजून नसावीत. तरी हे वाचून फाडून टाक.

सरकारनं नवा कायदा केलाय. कायम प्राध्यापक म्हणजे आजवर असा माणूस, की ज्याला त्याच्या मतासाठी घरी बसवता येत नसे. कायम नेमणूक असते ती तेवढ्यासाठीच. आता दर तीन वर्षांनी फेरतपासणी. हा माणूस दुही माजेल असं शिकवतो, अशी तक्रार आली की समितीपुढे उभं राहायचं. माझ्या शेजारच्या खोलीतल्या अर्थशास्त्राच्या बाई तुला आठवत असतील, तू आली होतीस तेव्हा त्यांनी तुझ्याकडून स्वतःच्या बाहीचं माप काढून घेतलं होतं. त्यांची तपासणी मार्चात झाली. एका सोमवारी दारावर पाटी नव्हती, स्क्रूची चार भोकं होती. शिपाई म्हणाला, बाई रजेवर आहेत. सगळे तेच म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली करतात. त्यांचा फोन मात्र कुणी काढलेला नाही. रोज अकराच्या सुमारास तो वाजतो. मधली भिंत पातळ आहे. सात-आठ वेळा वाजून बंद होतो. त्या इथे नाहीत हे कुणालातरी अजून सांगितलेलं नाही.

आता माझी पाळी. तक्रार माझ्या पहिल्या तासाबद्दल आहे. दर वर्षी नव्या वर्गाला मी पुस्तकातली आबांची ती यादी हजेरीसारखी वाचून दाखवतो, आणि मग विचारतो की ह्यांतली एकोणीस माणसं मेली आणि बाकीची त्र्याण्णव काम सोडून गेली, असं सरकारी कागद म्हणतो, तर इतिहासाच्या विद्यार्थ्यानं काय करावं. पुढचं सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत, तरी लिहितो, कारण समितीपुढे बोलायची तालीम करतोय. भुयार कोसळलं त्या पाळीत एकशे बारा जण बिल्ला घेऊन आत गेले. एकही बिल्ला परत आला नाही. एकोणीस देह काढता आले. उरलेल्यांपुढे ‘काम सोडून गेला’ असा शेरा मार, असं साहेबानं आबांना सांगितलं. आबांनी मारला नाही, म्हणून त्यांची बदली झाली आणि हजेरीपट साहेबानं नेला. पण भुयार कोसळलं त्याच संध्याकाळी आबांनी शाळेच्या वहीत त्याची नक्कल करून ठेवली होती. ती वही त्यांनी मला उतरवून घ्यायला दिली नसती, तर ती त्र्याण्णव माणसं आजही कुठेतरी पळून गेलेलीच असती.

पुस्तकात मी ‘एका हयात साक्षीदाराच्या वहीवरून’ एवढंच छापलं. आबांना स्वतःचं नाव नकोय असं तू म्हणाली होतीस. तो शब्द मी पाळलाय.

सोमवारी वर्षाचा पहिला तास झाला. वर्गात आता आवाज टिपणारं यंत्र बसवलंय, त्याला बारीक लाल दिवा आहे. मी हजेरी घेतली नाही. वरच्या वर्गातल्यांकडून मुलांना कळलेलं असतं, ती वाट पाहत होती. मी सरळ धडा सुरू केला. तासभर मला सारखं वाटत होतं की दाराबाहेर माणसं उभी आहेत आणि मी त्यांना आत घेत नाही. दोन-तीनदा तिकडे पाहिलं. शेवटी एका मुलीनं उठून दार लावलं. तिला वाटलं, सरांना वारा लागतोय.

तुला हे लिहून उगीच घोर लावला. पण तुला नाही तर कुणाला लिहू? मेहुण्यांना नमस्कार. आशीर्वाद तर आहेतच, तुझी आठवणही रोज आहे.

तुझा,
दादा


१९ जुलै

ती. स्व. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. तुझं अक्षर फाडायला हात होत नाही. शिवणाच्या पेटीत अस्तराखाली ठेवलंय.

तुझं वाचून मी घाबरले. तुझ्यासाठी घाबरले, आणि खोटं कशाला बोलू, आमच्यासाठीही घाबरले. हे पाणीपुरवठा खात्यात आहेत. आबांचं निवृत्तिवेतन त्याच सरकारचं. ती वही आबांची आहे असं कुणाला कळलं तर आमच्या घरात काय राहील? तू मोठा माणूस आहेस, तुझ्यामागे विद्यापीठ आहे, वर्तमानपत्रं आहेत. आमच्यामागे कोण आहे? एक शिवणयंत्र.

तेव्हा दादा, तुला माझी शपथ आहे. काय वाटेल ते कर, पण आबांचं नाव तोंडातून काढू नकोस. आबांचीही तीच इच्छा आहे, हे मी पुन्हा सांगते. परवा तुझा विषय निघाला तेव्हा तेही तेच म्हणाले.

हजेरी रोज सुरू आहे. आता गल्लीतल्या बायका सातला आमच्या खिडकीवरून जायचं टाळतात. एक जण मला म्हणाली की तिला वाटलं, तिच्या आजोबांचं नाव ऐकलं. खरंच असेल, ह्या गावातली कितीतरी घरं त्याच भुयारातून उरलेली आहेत.

तू वेळेवर जेव. वर्गात तोंड जरा आवरून धर, थोडे दिवस. वारं फिरतं म्हणतात. लिहिताना मला माझीच लाज वाटतेय, पण लिहिते. रागावलास तरी रागात ठेव, परकी करू नकोस.

तुझी,
धाकटी


२ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावलो नाही. लहानपणी विहिरीवर वाकलेल्या मला तू मागून सदरा धरून ओढायचीस, तशीच आताही ओढतेयस.

समितीपुढे जाऊन आलो. लांबलचक टेबल, पांढरी चादर, तिघं जण. अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी, दुसरे बांधकामाच्या धंद्यातले कुणी शेठ, आणि तिसरे आमचेच विभागप्रमुख, ज्यांच्याबरोबर मी पंचवीस वर्षं एकाच किटलीतला चहा प्यायलो. ते सगळा वेळ पेनाचं टोपण काढत आणि घालत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टोपण मात्र अगदी मन लावून घातलं.

अध्यक्ष ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते फार सभ्य. त्यांच्यापुढे माझं पुस्तक होतं, पानोपानी कागदाचे चिठोरे लावलेलं. माझ्याइतकं कुणी ते वाचलं नसेल असा माझा समज होता, तो गेला. ते म्हणाले की आमचं म्हणणं एवढंच, हा हयात साक्षीदार कोण ते सांगा, आम्ही त्याची वही तपासू, तुमची नेमणूक कायम राहील. मी विचारलं, त्या माणसाचं पुढे काय होईल. ते म्हणाले की खऱ्याला भिण्याचं कारण काय. मग सहज म्हणावं तसं म्हणाले की सरकारी नोकरानं सरकारी कागदाची नक्कल घरी ठेवणं हा गुन्हा आहे, निवृत्तिवेतनही थांबू शकतं, पण ते नंतरचं नंतर.

नाव दिलं नाही तर नोकरी जाईल, आणि साक्षीदाराचा शोध ते स्वतः घेतील. तिसराही एक रस्ता त्यांनी दाखवला. कागद तयारच होता. त्यात लिहिलंय की यादी मी शिकवण्याच्या सोयीसाठी कल्पनेनं रचली, साक्षीदार असा कुणी नाही. त्यावर सही केली तर नेमणूक राहते, आणि नसलेल्या साक्षीदाराला कुणी शोधणार नाही. सोळा तारखेपर्यंत मुदत दिली आहे.

मी तो कागद घरी आणलाय. टेबलावर आहे. त्यावर पुस्तक ठेवलं, मग पुस्तक उचललं.

वर्गात मला हल्ली एक विचित्र सवय लागली आहे. वाक्य बोलायच्या आधी ते मला ऐकू येतं, दुसऱ्या कुणाच्यातरी कानानं. मग मी ते बदलतो. मुलं वहीत बदललेलं उतरवून घेतात. ह्या वर्षीच्या वह्या दहा वर्षांनी कुणी उघडल्या तर त्यांत माझ्याऐवजी कोण सापडेल ते मला माहीत नाही.

सांभाळून राहा. तुझी शपथ माझ्या ध्यानात आहे.

तुझा,
दादा


६ ऑगस्ट

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, म्हणून पाकीट पाहूनच तुमच्या छातीत धस्स झालं असेल. कुणी आजारी नाही. दिवसभर दवाखान्यात लोकांची रक्तं तपासते, तेव्हा ह्यांचंही गुपचूप तपासून घेतलं. सगळं ठीक निघालं. आजार रक्तात नाही.

हे तुम्हाला सगळं लिहितात असं दाखवतात, पण लिहीत नाहीत. रोज सकाळी विद्यापीठात जातात ते स्वतःच्या खोलीत बसत नाहीत. त्या गेलेल्या बाईंच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसतात. शिपायानं मला सांगितलं, बिचारा घाबरला होता. खोलीत एक टेबल आणि एक खुर्ची एवढंच उरलंय. परवा अकराला तो फोन वाजला तेव्हा ह्यांनी उचलला. पलीकडचं कुणी बोललं नाही, हेही बोलले नाहीत. बराच वेळ दोघं तसेच धरून बसले. हे मला ह्यांनीच सांगितलं, चहा ढवळत, जणू भाजीचा भाव सांगावा तसं. मी विचारलं की कोण होतं, तर म्हणाले, श्वास ऐकू येत होता, बाईमाणसाचा वाटला.

वन्सं, आता मुद्द्याचं. नोकरी गेली तर मला पर्वा नाही. माझ्या पगारात दोन माणसं जगतात. पण हे त्या कागदावर सही करतील, तुमच्या शपथेपायी करतील, आणि सही केल्यावर जे घरी येईल त्याच्याबरोबर मला राहायचं आहे. तुमची शपथ तुम्हीच सोडवू शकता.

आणखी एक, रागावू नका. आबांना स्वतःचं नाव नकोय हे मला कधीच पटलं नाही. ज्या माणसानं ऐन उमेदीत साहेबाच्या तोंडावर नाही म्हटलं, तो नावाला का भिईल? तुम्ही त्यांना खरंच विचारलंय का? विचारलं नसेल तर विचारा. सोळाच्या आत.

तुमच्यावर जीव आहे म्हणूनच हे असं सडेतोड लिहिलं.

तुमची,
वहिनी


१६ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज दुपारी सही केली. तुझं घर सुरक्षित आहे. आबांना आता कुणी शोधणार नाही, कारण ते नाहीतच, तसं मीच लिहून दिलंय.

सही नेहमीसारखीच आली. विभागप्रमुखांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले की शहाणपणा केलास, आता विसरून जा. इतक्या महिन्यांनी त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. अध्यक्षांनी स्वतः उठून माझ्यासाठी दार उघडलं.

मला बढती मिळाल्यासारखंच आहे. शेजारची खोलीही मला देणार आहेत, मधली भिंत पाडून. उद्या गवंडी येतील. फोन काढून टाका असं मी सांगितलं.

सही करून सरळ वर्गावर गेलो. फार चांगलं बोललो. एकदाही अडखळलो नाही, दाराकडे बघावंसंही वाटलं नाही. आता बाहेर कुणी उभं आहे असं वाटत नाही. गेले सगळे. तुला वाटेल, बरं झालं. मला, धाकटे, तेव्हा नव्हती एवढी भीती आता वाटतेय.

निवेदन लवकरच पेपरात येईल. तेवढे दिवस आबांच्या हाती पेपर लागू देऊ नकोस.

तुझी वहिनी माझ्याशी बोलते, पण जेवण वाढताना माझ्याकडे बघत नाही. तू तरी लिही. जे उरलं असेल माझ्याबद्दल तुझ्या मनात, ते राहू दे.

तुझा,
दादा


१७ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

मुदत काल संपली हे मला माहीत आहे. तरी लिहिते, तू सही केली नसशीलच ह्या आशेवर लिहिते. तू हट्टी आहेस, चार दिवसांची वाढीव मुदत नक्की मागून घेतली असशील.

दादा, मी खोटं बोलले. तुझ्याशी आणि आबांशीही. आपलं नाव नको असं आबा कधीच म्हणाले नव्हते. पुस्तक आलं तेव्हा त्यांनी दोन दिवस भिंग घेऊन स्वतःचं नाव शोधलं. मला विचारलं, तर मी ठोकून दिलं की पुस्तकात साक्षीदाराचं नाव छापायचं नसतं, तसा नियमच असतो. त्यांनी मान हलवली, नियम म्हटल्यावर ते गप्प बसतात. आणि तुला सांगितलं की त्यांनाच नकोय. दोघांना दोन बाजूंनी गप्प केलं मी. ह्यांची नोकरी, घर, बाकी काही नव्हतं माझ्या मनात. वहिनीचं पत्र येऊनही आज आठ दिवस झाले. आठ दिवस ते अस्तराखाली दाबून मी दुसऱ्यांच्या बाह्या शिवत बसले.

आज सकाळी हजेरी संपल्यावर त्यांच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं. समिती, कागद, माझं खोटं. वाटलं होतं, समजणार नाही. दादा, त्यांना सगळं समजलं. ते म्हणाले की साहेबानं शेरा मारायला सांगितल्यावर तेही दोन दिवस घाबरले होते, तिसऱ्या दिवशी नाही म्हणाले, तेव्हा मी फार मनाला लावून घेऊ नये. मग रेघांचा कागद मागितला. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. समास कमी सोडला म्हणून एक कागद फाडायला लावला. स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा, पाळी, तारीख, किती बिल्ले दिले, किती परत आले. खाली सही केली, तीच जुनी, शेवटी दोन टिंबं देऊन. मग कोटाला इस्त्री कर म्हणाले, समितीनं बोलावलं तर असावी. चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही, आता विचारतील, असं दोनदा म्हणाले.

हे उठले आणि म्हणाले, पोस्टात मी टाकतो, माझ्या हातानं.

निवेदन सोबत आहे. शपथ सुटली. नाव घे, मोठ्यानं घे. आमचं काय व्हायचं ते होईल.

मला माफ कर. आणि पूर्वी होते तशी मला तुझी धाकटी राहू दे.

तुझी,
धाकटी


२६ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं सोळाचं पत्र वीसला मिळालं. माझंही तुला त्याच सुमारास मिळालं असेल. तू उत्तर पाठवलं नाहीस. दोनदा फोन केला, वहिनी म्हणाली की तू फोनवर येत नाहीस, भिंत पाडलेल्या त्या मोठ्या खोलीत बसून असतोस.

मी तुला दोष देत नाही. आठ दिवस मी खाल्ले, तू नाही. हे मी रोज स्वतःला सांगते आणि रोज मशीनवर सुई मोडते.

पण जे झालं ते तुला कळलं पाहिजे. तू म्हणालास म्हणून पेपर दोन दिवस लपवला. तिसऱ्या दिवशी, तेवीसला, आबा इस्त्रीचा कोट घालून स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. मास्तरांनी आपलं निवेदन दिलं असेल, त्याचं छापून आलं असेल, म्हणून. पेपर विकत घेतला आणि दुकानाच्या पायरीवर बसून वाचला. दुकानदारानं हात धरून घरी आणून सोडलं.

तुझं निवेदन अख्खं छापलंय. यादी कल्पनेनं रचली, साक्षीदार कुणी नाही. आबांनी मला विचारलं की आपण कागद कधी पाठवला. मी म्हटलं, सतराला. किती दिवसांत पोचतो. मी म्हटलं, तीन-चार. ते बोटांवर मोजत बसले. मग म्हणाले की म्हणजे मास्तरांनी आपला कागद वाचूनच हे लिहिलंय, त्यांनी सगळं तपासलं असेल आणि आपली चूक सापडली असेल, शिकलेला माणूस असं उगीच लिहून देणार नाही.

मी सांगितलं की सही सोळाची आहे, कागद पोचायच्या आधीची. पेपरात तारीख नाही, तुझं पत्र दाखवलं, त्यांनी ते दूर सारलं. मी सांगितलं की मास्तर खोटं बोलले, तुम्हाला वाचवायला बोलले. दादा, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी घाण बोलले. म्हणाले की सूनबाई, मास्तरांबद्दल असं बोलू नये.

चोवीसपासून हजेरी बंद आहे. सातला उठतात, दाढी करतात, कोट घालत नाहीत. पट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन ती वही उघडतात आणि देह न सापडलेल्यांच्या एकेका नावापुढे रेघ मारून लिहितात, काम सोडून गेला. अक्षर अजूनही मोत्यासारखं आहे. वही लपवून पाहिली, तर दुपारपर्यंत घरभर शोधत राहिले, पाण्याला शिवले नाहीत, म्हणून परत दिली. मध्ये एकदा थांबून मला विचारलं की इतकी वर्षं ह्या माणसांच्या बायकामुलांना आपण उगीचच विधवा आणि पोरकं केलं का.

त्यांच्याजवळ बसून मी खूप बोलले. माझं ते ऐकतात, पण मानत नाहीत. ह्यांचंही मानत नाहीत. एकाच माणसाचं मानतील. तू ये आणि त्यांच्या समोर बसून, स्वतःच्या तोंडानं सांग की चूक वहीत नव्हती. नोकरीवर पाणी सोडावं लागेल हे मला कळतं. मीच तुला घाबरवलं होतं, आता मीच बोलावतेय, कोणत्या तोंडानं ते विचारू नकोस.

वहिनीला नमस्कार. नातं तोडायचं असेल तर नंतर तोड, आधी ये.

तुझी,
धाकटी

ता. क. रोज अकरा-बारा नावं होतात, मग हात दुखतो म्हणून थांबतात. आजपर्यंत चौतीस झाली, एकोणसाठ राहिलीत. हे पत्र तुला मिळेल तोवर पंधरा-वीस उरली असतील. तेवढ्यांसाठी तरी ये.